दादाने दिलेली साठ प्लगिन्स आणि चोरून उघडलेला व्हीएस कोड

पत्राचा सारांश: लेखिका २४ वर्षांची. गाव सांगली जिल्ह्यात, सध्या कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. हिंजवडीतल्या एका कंपनीत सव्वा वर्षापासून पायथनचं काम करते. टीममधल्या एका सीनियरने (‘त्याला सगळे दादाच म्हणतात’) तिला व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये माउस फिरवताना पाहिलं, ‘अजून माउस?’ असं विचारलं आणि निओव्हिम या मुख्यतः कीबोर्डवर चालणाऱ्या एडिटरचं स्वतःचं अख्खं कॉन्फिगरेशन (सगळी सेटिंग्ज) तिला देऊन टाकलं. त्यात साठच्या वर प्लगिन्स (एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) आहेत. दोन महिन्यांचे शनिवार-रविवार ते समजून घेण्यात गेले. एकदा अपडेट केल्यावर एडिटर धड उघडेचना. ॲपमधले मराठी मेसेज टर्मिनलमध्ये (निओव्हिम जिथे चालतो त्या, आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) मोडके दिसतात. एकदा तिने दोन ओळी बदलल्या आणि टीमने कोड तपासायच्या रिव्ह्यूमध्ये सहाशे ओळी बदललेल्या दिसल्या. टीम लीडने सगळ्यांसमोर कारण विचारलं. हल्ली दादा जागेवर असला की ती निओव्हिम उघडते, तो चहाला गेला की व्हीएस कोड. तिचा प्रश्न: निओव्हिमसाठी नेमकी कोणती प्लगिन्स घेऊ? वडिलांनी कॉलेजात असताना घेऊन दिलेला ८ जीबीचा लॅपटॉप बदलू? की माझ्यातच काहीतरी कमी आहे?

तू पत्रात मला ‘ताई’ म्हटलंयस, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

‘दादा चहाला गेला की व्हीएस कोड’ हे वाचून आधी हसू आलं, मग जरा वाईट वाटलं. आमच्या वेळी ऑफिसात लपवायच्या गोष्टी म्हणजे दिवाळी अंक आणि शेंगदाण्याची पुडी. पण तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे. काम वेळेत उरकायचं असतं तेव्हा हात कुठे वळतात हे तुला पक्कं ठाऊक आहे. तरी तू विचारतेस, ‘निओव्हिमसाठी कोणती प्लगिन्स?’ म्हणजे निओव्हिम वापरायचाच, हे तू आधीच धरून बसली आहेस. ते कुणी ठरवलं, इथून सुरुवात करू या.

नाही, त्याआधी त्या सहाशे ओळी. त्या तुला जास्त लागल्यात, आणि त्यात तुझी चूक चिमूटभर आहे.

पत्रावरून माझा अंदाज असा. दादाच्या कॉन्फिगरेशनमध्ये फाइल सेव्ह केली की फॉर्मॅटर, म्हणजे कोडची मांडणी ठाकठीक करणारा प्रोग्रॅम, आपोआप चालत असणार. पायथनमधला ब्लॅक नावाचा फॉर्मॅटर, आणि तसाच रफ, वेगळं काही सांगितलं नाही तर ८८ अक्षरांवर ओळ मोडतो. पायथनच्या शैलीचे जे अधिकृत नियम आहेत, पेप ८, त्यात मर्यादा ७९ ची आहे. आणि कित्येक टीम आपापसात ठरवून १०० किंवा १२० ठेवतात. तुमची फाइल १२० च्या हिशेबाने लिहिलेली. तू दोन ओळी बदलून सेव्ह केलंस. फॉर्मॅटरने लांब ओळी मोडल्या, एकेरी अवतरणचिन्हांची दुहेरी केली, आणि झाल्या सहाशे.

फॉर्मॅटरची सेटिंग्ज कुणा एकाची खासगी नसतात, ती प्रोजेक्टची असतात. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या फाइलमध्ये ती एकदा लिहिली की कुणीही कुठलाही एडिटर उघडो, ओळ एकाच जागी मोडते. टॅब की स्पेस, ओळीच्या शेवटी उरलेली मोकळी जागा असल्या गोष्टींसाठी एडिटरकॉन्फिग नावाची छोटी फाइल असते. बरेच एडिटर ती स्वतःहून वाचतात, व्हीएस कोडला एक्स्टेन्शन (तिथे प्लगिनला हेच म्हणतात) लागतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये या फाइल्स नसतील तर तो दोष सव्वा वर्षापूर्वी लागलेल्या मुलीचा कसा? लीडकडे जा आणि म्हण, ‘परवा जे झालं ते कशामुळे झालं ते सापडलंय. सेटिंग्ज प्रोजेक्टमध्ये घालू का?’ हो म्हणाला तर सगळा कोड एकदाच फॉर्मॅट करून त्याचा वेगळा कमिट (गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममधली नोंद) कर, त्यात दुसरा काही बदल नको. त्या कमिटचा क्रमांक गिटच्या ‘ब्लेममध्ये दुर्लक्ष करा’ या यादीत टाकता येतो, म्हणजे पुढे दहा वर्षं प्रत्येक ओळीसमोर तुझं नाव दिसत राहणार नाही. तोवर सेव्हबरोबर चालणारा फॉर्मॅटर बंद ठेव. आणि रिव्ह्यूला पाठवण्याआधी डिफ, म्हणजे काय काय बदललं त्याची यादी, डोळ्याखालून घालत जा. ‘गिट ॲड’ला पी हा पर्याय दिला की तो तुकड्यातुकड्याने विचारतो, हे घेऊ की नको. ते पाहिलं नव्हतंस, एवढीच तुझी ती चिमूट.

आता निओव्हिम.

‘खरे प्रोग्रॅमर माउसला हात लावत नाहीत’ हे मी गेली तीस वर्षं ऐकतेय. मी स्वतः व्हिमच, म्हणजे निओव्हिमचा थोरला भाऊच, वापरते, त्यामुळे हे वैरापोटी बोलत नाही. या सगळ्याचं मूळ व्हीआय नावाचा एडिटर. तो बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलीला लिहिला. कर्सर हलवायला एच, जे, के, एल या की का, तर त्याच्याकडच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण त्याच चार कींवर छापलेले होते. आणि त्या कीबोर्डवर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होती, सहज बोटाखाली येणारी. आज तुझी करंगळी कोपऱ्यापर्यंत ताणली जाते ती एका जुन्या कीबोर्डची कृपा. पुढे ब्रॅम मोलेनारने १९९१ मध्ये व्हिम आणला, २०१४ मध्ये त्यातून निओव्हिमची फांदी फुटली, आणि करंगळी आहे तिथेच.

तरीही त्या पद्धतीत एक गोडी आहे, ती नाकारणार नाही. डी म्हणजे पुसा, सी म्हणजे बदला, डब्ल्यू म्हणजे शब्द. ही क्रियापदं आणि नामं जोडून वाक्य करायचं. हाताला सवय झाली की मजकुराशी बोलल्यासारखं वाटतं. पण हे व्याकरण एक आणि साठ प्लगिन्सचं कॉन्फिगरेशन दुसरं. दादाने दोन्ही एका पिशवीत घालून दिलं, म्हणून तुला ते एकच वाटतंय. व्याकरण शिकायला व्हिमट्यूटर नावाचा धडा व्हिमबरोबरच येतो, अर्ध्या तासात होतो. रोज वीस मिनिटं असा आठवडाभर कर. सर्व्हरवर लॉगिन करून एखादी फाइल दुरुस्त करायची वेळ कधीतरी येईलच, तेव्हा तिथे दुसरं काही नसलं तरी व्हीआय बहुधा असतो. त्या दिवशी ‘यातून बाहेर कसं पडू’ असं शेजारच्याला विचारावं लागणार नाही.

आणि हेच व्याकरण व्हीएस कोडमध्येही चालतं. त्यासाठी दोन एक्स्टेन्शन्स आहेत: एक व्हिमची नक्कल करतं, दुसरं पाठीमागे खरा निओव्हिम चालवतं. म्हणजे दादा जागेवर असताना एक आणि नसताना दुसरं, ही कसरत करायचं कारणच उरत नाही.

दादा म्हणतो, निओव्हिममध्ये कोड जास्त हुशारीने सुचवला जातो. तुला उलटंच जाणवतं असं तू लिहिलंयस. तुझं निरीक्षण बरोबर आहे. हल्ली कोड समजून घेण्याचं काम एडिटर स्वतः करतच नाही. फंक्शनची व्याख्या कुठे आहे, इथे कोणती नावं बसतील, टाइप कुठे चुकला, हे मागे चालणारा एक वेगळा प्रोग्रॅम बघतो. त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात. पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेची समज नव्याने लिहावी लागे. दहा एडिटर आणि वीस भाषा म्हणजे दोनशे कामं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. एडिटरने आणि सर्व्हरने एकमेकांशी कसं बोलायचं ते त्यात ठरलेलं आहे. त्या दोनशेची दहा अधिक वीस, तीस झाली. निओव्हिमला ही बोली २०२१ च्या ०.५ आवृत्तीपासून मुळातच येते. म्हणून सी प्लस प्लस लिहिणाऱ्याच्या मागे क्लँगडी हा सर्व्हर असला, तर पुढे व्हिम आहे की व्हीएस कोड याने सुचवण्यांत फार फरक पडत नाही.

पायथनमध्ये मात्र एक मेख आहे. व्हीएस कोडमध्ये पायलान्स नावाचा लँग्वेज सर्व्हर चालतो. तो पायराइट या मुक्त सर्व्हरवरच उभा आहे, पण वर आणखी भर घातलेला, आणि त्याचा परवाना मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनांपुरता आहे. निओव्हिममध्ये रीतसर लावता येतो तो नुसता पायराइट. तुला जो फरक जाणवला तो बहुधा हाच. दादापेक्षा तुझी नजर बारीक निघाली, एवढं मनात नोंदवून ठेव.

मराठी मेसेज मोडके दिसतात, त्याचंही तसंच. टर्मिनल म्हणजे चौकटींची वही: प्रत्येक अक्षराला ठरलेली एक चौकट. रोमन लिपी त्यात मजेत बसते. आपली वेलांटी अक्षराच्या आधी, उकार खाली, जोडाक्षर तर दोघातिघांचं मिळून. ते त्या चौकटींत मावत नाही आणि कर्सर भलतीकडेच उभा राहतो. फॉन्ट बदलून फारसं साधत नाही. व्हीएस कोडच्या पोटात ब्राउझरचंच इंजिन आहे, त्यामुळे तिथे मराठी नीट दिसतं. शिवाय मराठी कीबोर्ड चालू राहिला तर व्हिमच्या नॉर्मल मोडला (जिथे प्रत्येक की ही आज्ञा असते) तुझ्या आज्ञाच कळत नाहीत. तू डी दाबतेस, त्याच्यापर्यंत देवनागरी अक्षर पोहोचतं. रोज मराठी मजकुराला हात लावावा लागणाऱ्या माणसाला व्हीएस कोड सोयीचा वाटतो हे आळसाचं लक्षण नव्हे. हे कारण तू कुणालाही तोंडावर सांगू शकतेस.

मग ती साठ प्लगिन्स. तुळशीबागेत चहाची गाळणी आणायला गेलेलं माणूस किसणी, पिना, शेवयांचा साचा आणि घरात आधीच असलेलं लाटणं घेऊन परततं. प्लगिन्सचं असंच होतं, आणि त्यात लाटणीच फार निघतात. व्हीएस कोडमध्ये कंसांच्या जोड्या रंगवणारं एक एक्स्टेन्शन लोक हौसेने टाकत; २०२१ मध्ये ती सोय एडिटरमध्येच आली. निओव्हिममध्ये ओळी कॉमेंट करायला वेगळं प्लगिन लागे. २०२४ च्या ०.१० आवृत्तीपासून लागत नाही. २०२५ च्या ०.११ पासून लँग्वेज सर्व्हर जोडणंही मोजक्या ओळींचं काम झालंय. दादाने आपलं कॉन्फिगरेशन वर्षानुवर्षं साठवत आणलं असेल, तर त्यातली काही प्लगिन्स आज नुसती भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरसारखी लटकत असणार.

त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. माझ्या मिसळणाच्या डब्यात जिरं कुठल्या वाटीत आहे ते मला न बघता कळतं. तू माझ्या स्वयंपाकघरात आलीस तर चहात मीठ पडेल. सासरी पहिल्या दिवशी अशी फजिती झालेल्या बायका हे लगेच ओळखतील. दुसऱ्याचं कॉन्फिगरेशन तुला जमलं नाही याचा अर्थ तुला स्वयंपाक येत नाही असा होतो का?

(माझं स्वतःचं पापही सांगून टाकते. एका वर्षी गणपतीची अख्खी सुट्टी मी ईमॅक्स या आणखी एका एडिटरची रंगसंगती जुळवण्यात घालवली. रंग सुरेख जमले. ज्या प्रोग्रॅमसाठी ते जुळवत होते तो काही त्या सुट्टीत लिहून झाला नाही.)

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. व्हीएस कोडमध्ये एक नवं, रिकामं प्रोफाइल काढलं असतं. त्यात पायथनचं अधिकृत एक्स्टेन्शन, त्याच्यासोबत पायलान्स आणि डीबगर (कोडमधली चूक शोधायचं साधन) आपोआप येतात. दुसरं रफ. झालं. गिट आणि शोध आधीपासूनच आहेत. मग शेजारी एक साधी वही, आणि पंधरा दिवस नवीन काहीही टाकायचं नाही. काम करताना जिथे अडलं, चिडचिड झाली, तिथे एक ओळ लिहायची: ‘तीच फाइल पुन्हा पुन्हा शोधावी लागते’, ‘नाव बदललं, चार ठिकाणी राहून गेलं’. एकच तक्रार तीनदा आली की मगच उपाय. आणि उपायही आधी एडिटरमध्येच शोधायचा. कंट्रोल-पी दाबून नावाची दोन अक्षरं टाकली की फाइल उघडते. एफ १२ ने व्याख्येवर उडी मारता येते, एफ २ ने नाव सगळीकडे बदलतं. वहीतल्या अर्ध्या ओळी इथेच खोडल्या जातील. आणि हे करताना तुझा हात माउसकडे गेलेला नसेल, ते वेगळंच.

उरलेल्यांसाठी एक्स्टेन्शन घे, पण बघून घे. ते कुणा अनोळखी माणसाने लिहिलेलं असतं आणि तुझ्या अधिकाराने तुझ्या मशीनवर चालतं. तुला ज्या फाइल्स वाचता येतात त्या त्यालाही येतात, ऑफिसच्या पासवर्डांसकट. लोकप्रिय एक्स्टेन्शनच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन फसवी माणसं बसलेली असतात, म्हणून प्रकाशक कोण ते वाचायचं. ऑफिसच्या लॅपटॉपवर काय टाकायला परवानगी आहे तेही विचारून घे.

काही बिघडलंच तर एकेक बंद करत बसू नकोस. व्हीएस कोडमध्ये ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ नावाची आज्ञा आहे. ती निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करते, विचारते गेला का दोष, मग उरलेल्यांतली निम्मी. चाळीस असली तरी पाच-सहा फेऱ्यांत चोर सापडतो. निओव्हिममध्ये ‘क्लीन’ पर्याय देऊन उघडलं तर कॉन्फिगरेशनशिवाय उघडतो, म्हणजे दोष निओव्हिमचा की प्लगिनचा ते लगेच कळतं. आणि ते अपडेट फसलं होतं ना, त्यावर: दादा लेझी हा प्लगिन मॅनेजर वापरत असेल तर प्रत्येक प्लगिनची नेमकी आवृत्ती एका लॉक फाइलमध्ये लिहिलेली असते. ती गिटमध्ये ठेवायची. बिघडलं की जुनी फाइल परत आणून ‘लेझी रिस्टोअर’ करायचं. आणि रिलीजच्या आठवड्यात अपडेट करायचं नाही, हे कुठल्याही एडिटरला लागू.

निओव्हिमचा नाद सोडवतच नसेल तर तोही कर, मला आनंदच आहे. फक्त दादाची साठ बाजूला ठेव. निओव्हिमला एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून कॉन्फिगरेशनचं वेगळं नाव सांगता येतं, त्यामुळे त्याचं आणि तुझं दोन्ही एका मशीनवर सुखाने नांदतात. किकस्टार्ट नावाची एक फाइल मिळते, जवळजवळ ओळीओळीला टिपण असलेली. तिथून सुरू कर आणि जी ओळ कळली नाही ती ठेवू नकोस. माझी फाइल इतक्या वर्षांत चाळीसेक ओळींच्या पुढे गेलेली नाही.

लॅपटॉप एवढ्यात बदलू नकोस. आधी व्हीएस कोडमधलं प्रोसेस एक्स्प्लोरर उघडून मेमरी कोण खातंय ते बघ. कधीकधी लँग्वेज सर्व्हर सगळं वर्कस्पेस, म्हणजे प्रोजेक्टच्या साऱ्या फाइल्स, तपासत बसलेला असतो. त्याला उघड्या फाइल्सपुरतं तपासायला सांगता येतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये लॉग आणि डेटाच्या हजारो फाइल्स पडल्या असतील तर त्या शोधातून आणि फाइल-वॉचरमधून (फाइल्समधल्या बदलांवर नजर ठेवणाऱ्या भागातून) वगळ. ब्राउझरमधल्या तीस टॅबबद्दल मी काही बोलत नाही. एवढं करूनही अडत असेल तर दुकानात विचार, रॅम वाढवता येते का. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते, पण वाढवता येत असेल तर नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च फारच थोडा.

राहिला दादा. तुझ्या पत्रात तो वाईट माणूस वाटत नाही. ‘अजून माउस?’ हे खोचक होतं खरं, पण आपली वर्षांची जमवाजमव त्याने न मागता देऊन टाकली. आपल्याकडे प्रेम करायची ही एक रीत आहे, पाहुण्याच्या पानात न विचारता चौथी पोळी वाढतात तशी. नको असेल तर हात आडवा धरायचा, त्यात अपमान नसतो. त्याला सरळ सांग, ‘दादा, तुमचं कॉन्फिगरेशन जपून ठेवलंय, पण सध्या काम व्हीएस कोडमध्येच करते, व्हिमच्या कीज त्यात लावल्यात. तुमच्या फाइलमधल्या दहा ओळी निवडल्यात, त्या तेवढ्या समजावून द्याल?’ खरंच दहाच निवड, आणि खरंच समजून घे. त्यातल्या चारपाच ओळींवर तो स्वतःच डोकं खाजवत ‘ही कधी टाकली बरं’ म्हणाला, तर हसू दाब.

हे जागेवर नको विचारूस. तो चहाला निघाला की या वेळी तूही त्याच्याबरोबर जा.